दुमडलेला कोपरा

सकाळी दहाच्या सुमारास शांतवन मास्तरांच्या पत्नीचा, रूथबाईंचा फोन आला. मी बारामतीत घराच्या गच्चीवर मिरच्या वाळत घालत होतो. "भाऊसाहेब, मास्तर गेलं," एवढंच त्या म्हणाल्या. मी विचारलं, "किती वाजता?" वेळ कळून काय होणार होतं? पण सगळी नोकरी भूमी अभिलेखात गेली, त्यामुळे कुठल्याही गोष्टीची आधी नोंद करायची, ही खोड काही जात नाही. रडू मागाहून येतं, आलं तर. त्या दिवशी ते इंदापूरच्या एसटीत आलं आणि शेजारच्या बाईंनी मला खिडकीजवळची जागा दिली.

याला आता दीड महिना झाला. शांतवन मास्तर पणदऱ्याच्या शाळेत शिकवायचे, निवृत्तीनंतर इंदापुरात राहायचे. तिथल्या लहानशा चर्चमध्ये पाळक, म्हणजे ख्रिस्ती मंडळींचे धर्मगुरू, महिन्यातून एकदाच यायचे. बाकीच्या रविवारी उपासना मास्तर चालवत. प्रार्थनेत ते स्वच्छ 'आहे' म्हणत आणि 'आमेन' झालं की पुन्हा 'हाय' वर येत. उसाच्या हंगामात ते सोमेश्वरनगरला तोडकऱ्यांच्या कोप्यांवर, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांवर जायचे. तिथे दोन-चार कुटुंबं त्यांच्या मंडळींपैकी असत. त्यांच्यासोबत प्रार्थना करायची आणि मग बाकीच्यांचे दवाखान्याचे कागद वाचून द्यायचे, असा त्यांचा दिवस जाई.

हे झालं सेवेचं. जीव मात्र इतिहासात होता. आपल्या भागात पहिली उपासना कुठल्या झाडाखाली झाली, कुणी कुणाशी लग्न लावलं, कुठल्या थडग्यावरचं नाव पुसलं गेलं, हे सगळं त्यांच्या वह्यांत होतं. चार तालुक्यांतल्या मेलेल्या माणसांचे पत्ते त्यांना तोंडपाठ. रूथबाई म्हणायच्या, "जित्या पावण्याला च्या इचारत न्हाईत, आन् मेलेल्याची ख्यालीखुशाली बरुबर ठावं असती." मास्तर हसायचे आणि स्वतः उठून चहा टाकायचे. तो अतिशय वाईट व्हायचा.

माझी गाठ पडली ती मोडीमुळे. जुने कागद वाचणारा म्हणून कार्यालयात माझं नाव होतं, आणि त्याचा मला ताठाही होता. मास्तर एक दिवस माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. म्हणाले, "भाऊसाहेब, चर्चच्या कपाटात एक वही हाय. तिच्यात माझा पणजा हाय. पर मला त्यो वाचता येत न्हाय."

मी सुट्टीच्या दिवशी इंदापूरला गेलो. मिशनच्या काळातली बाप्तिस्म्यांची नोंदवही होती, पानं पापडासारखी. नाव, गाव, वय, धंदा असं एकेकाचं लिहिलेलं. पणजोबांची नोंद सापडली तेव्हा मास्तरांनी टोपी काढून हातात घेतली. मी मोठ्यानं वाचलं : नाव खंडूजी. पुढे गाव, वय. मग धंदा... इथे ओळ संपत होती, पानाचा कोपरा आत दुमडलेला होता. खालच्या ओळीच्या सुरुवातीला स्वच्छ अक्षरात होतं, पाळक. "धंदा, पाळक," मी वाचलं. मास्तरांनी एकदम माझा हात धरला. कोपरा उलगडायला हवा होता, हे त्या क्षणीही मला कळत होतं. पण पान तुटलं असतं, चारची गाडी चुकली असती आणि एवढ्या आनंदात असलेल्या माणसाला 'जरा थांबा' कोण म्हणणार?

त्यावर पुस्तक उभं राहिलं. मास्तरांचं एकुलतं एक पुस्तक, इंदापूर भागातल्या मंडळींचा इतिहास. त्यातलं पहिलं प्रकरणच 'आद्य पाळक खंडूजी'. चर्चच्या भिंतीवर त्याच नावाची संगमरवरी पाटी बसली. ज्या घराला पिढ्यान्‌पिढ्या कुणी मोजलं नव्हतं, त्या घराला मूळपुरुष मिळाला. माझ्या प्रतीवर मास्तरांनी लिहून दिलं, 'ज्यांच्या डोळ्यांनी मी माझा पणजोबा पाहिला त्या भाऊसाहेबांस.' ती प्रत मी आल्यागेल्याला दाखवायचो.

सत्तरी उलटल्यावर मास्तरांनी मोडी शिकायला घेतली, आणि तीही माझ्याकडेच. दर गुरुवारी बारामतीला यायचे, पाटी-पेन्सिल घेऊन. बाराखडी पक्की झाल्यावर पुढच्या गुरुवारी ते आलेच नाहीत. आले ते शनिवारी. बसलेही नाहीत. म्हणाले, "भाऊसाहेब, त्या वळीत आजून एक शब्द हाय."

त्यांनी ओला कापूस फिरवून कोपरा उलगडला होता. आत होतं, मेंढरे. धंदा, मेंढरेपाळक. खंडूजी मेंढरं राखत होते.

मी आधी वाद घातला. शाईचा डाग असेल म्हणालो, अक्षर वेगळ्या हाताचं असेल म्हणालो. मास्तर ऐकून घेत होते. मग मी म्हणालो, "जाऊ द्या मास्तर, ते पान कोण बघतंय?"

"मी बघितलंय की," ते म्हणाले. आणि मग खाली बसले. "आन् तुमी कशापायी वाईट वाटून घेता? आवो, बाप्तिस्म्याच्या दिवशीच मानूस पाळक कसा आसंल? आदी मंडळीत यायला तर पायजे. हे माझ्या टकुऱ्यात यायला पायजे हुतं. तुमच्या न्हाय."

खरंच की. ही चूक फक्त चर्चमधल्या माणसालाच करता आली असती. आमच्यात कुणी 'पाळक' म्हटलं की 'कशाचा?' असंच विचारलं असतं.

पुढच्या रविवारी उपासना संपल्यावर त्यांनी ते उभं राहून सांगितलं. मी मागच्या बाकावर होतो. चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीतले एक तात्या तडकले, "आमी पाहुण्यारावळ्यांस्नी काय सांगायचं? आन् ह्या पाटीचं काय करायचं?" मास्तर म्हणाले, "पाटी तुमची हाय, तुमी ठरवा. पुस्तक माझं हाय." पाटी अजून तिथेच आहे.

मास्तरांनी मात्र शुद्धिपत्राच्या चिठ्ठ्या छापून आणल्या. ज्यांना ज्यांना पुस्तक दिलं त्यांची नावं वहीत लिहिलेली होतीच. डब्यात खळ घेऊन ते दारोदार गेले, पणदऱ्याला, सोमेश्वरनगरला, लोणी देवकरला कंपनीत असलेल्या एका विद्यार्थ्याच्या खोलीवर. प्रत मागायची, चिठ्ठी चिकटवायची, वहीत खूण करायची. काहींनी तोंडावर हसून घेतलं. चिठ्ठीत शेवटी छापलं होतं : 'वाचनातील चूक लेखकाची.'

माझ्या दारात आले तेव्हा मी सांगितलं, प्रत सापडत नाही. ती आतल्या कपाटात होती. चिठ्ठीतलं ते शेवटचं वाक्य माझ्या प्रतीत मला नको होतं. खरं म्हणजे ते खोडून काढा असं सांगायला हवं होतं, आणि तेवढं धाडस मला झालं नाही. मास्तर म्हणाले, "सापडंल की," आणि चहा पिऊन गेले. नंतर दोनदा आले, विषय काढला नाही. मला वाटलं, विसरले.

गेल्या आठवड्यात रूथबाईंकडे गेलो होतो. त्यांनी ती वही पुढे ठेवली. सगळ्या नावांपुढे खुणा होत्या, माझं तेवढं मोकळं. मग त्यांनी एक पाकीट दिलं, "हे तुमच्यासाठनं ठिवलं हुतं." आत शुद्धिपत्राची एक चिठ्ठी होती आणि तिच्या पाठीवर मास्तरांनी मोडीत लिहिलं होतं, माझ्याच हाताखाली गिरवलेल्या अक्षरात : 'सापडली की चिकटवा. खळ जास्त लावू नका, पान आकसतं.'

घरी येऊन कपाट उघडलं. चिठ्ठीतला 'लेखकाची' हा शब्द खोडला आणि वर माझं नाव लिहिलं, बालबोधीत, म्हणजे साध्या देवनागरीत, कुणालाही वाचता येईल असं. मग चिकटवली. खळ जास्त झाली. पान आकसलंय.