उजवीकडचं स्टिअरिंग

जर्मनीत राहून मी इंग्लंडच्या पासिंगची, उजवीकडे स्टिअरिंग असलेली जुनी गाडी विकत घेतली. पुण्याहून येणाऱ्या बाबांना ती सवयीने चालवता यावी, एवढीच अक्कल लढवली होती.

आज स्टुटगार्टच्या पार्किंगमध्ये शिरताना तिकिटाचं मशीन, इथल्या गाड्यांच्या स्टिअरिंगसारखंच, डावीकडे होतं; तिकीट घ्यायला उतरून पलीकडे गेलो. मागच्याने हॉर्न वाजवला. बाबा गेल्यापासून डावीकडची सीट रिकामीच असते.

ते आले त्या दिवशी मी ऐटीत किल्ली पुढे केली. ती घेताना त्यांचा हात थरथरला. फोनवर हे कधी कळलंच नव्हतं. किल्ली परत देऊन ते डावीकडे बसले. याच फाटकाशी मशीन त्यांच्या खिडकीसमोर आलं. थरथरत्या बोटांनी तिकीट ओढून माझ्या हातात ठेवत ते म्हणाले, “गाढवा, तिकीट काढायलासुद्धा बाप लागतो तुला अजून!”