चादरीची घडी

जहाजावरच्या मंडळींनी काकूंचं बारसं पहिल्याच आठवड्यात करून टाकलं होतं: लाँड्रीवाल्या काकू. त्यात चेष्टा होती, पण खोटं काही नव्हतं. बाकीचे लोक सकाळी उठून डेकवरच्या खुर्च्या अडवायला पळत, तेव्हा काकू काखेत पिशवी मारून लांबलचक बोळाच्या टोकाशी असलेल्या धुण्याच्या खोलीकडे निघालेल्या असत. त्या खोलीला खिडकी नव्हती. भिंतीला टेकून चार मशीनं, समोर इस्त्रीचं टेबल आणि बसायला एक बाक. बाहेर समुद्र शांत आहे की उसळलेला, हे तिथे मशीनच्या काचेमागचं पाणी किती कलतंय त्यावरूनच कळायचं.

प्रवास महिनोन्‌महिन्यांचा. कपडे सगळ्यांनाच धुवावे लागत, त्यामुळे त्या खोलीत भांडणंही रोजची. कुणीतरी मशीन लावून जेवायला जायचं, दुसरं कुणीतरी त्याचे ओले कपडे काढून झाकणावर ठेवायचं, आणि मग "माझ्या कपड्यांना हात लावायचा नाही" पासून सुरुवात होऊन एकमेकांच्या घराण्यापर्यंत मजल जायची. काकू या कशात नसत. त्या सगळ्यांच्या आधी येत आणि मशीन थांबेपर्यंत बाकावरून उठत नसत.

"काकू, दोनच माणसं ना हो तुम्ही?" एका निवृत्त मुख्याध्यापिकेने एकदा विचारलं. तिला सगळे हेडबाई म्हणत. "की सामानातून पलटण आणलीत?"

"ह्यांना घाम फार येतो."

"घाम? इथल्या गारठ्यात मी स्वेटर घालून झोपते, आणि ह्यांना घाम!"

"एकेकाची प्रकृती, बाई."

"असेल. आमच्या ह्यांनी जन्मात स्वतःचा रुमाल धुतला नाही. गेले तेव्हासुद्धा खिशात मळके रुमाल होते. म्हटलं, आता तिकडे धुवून घ्या कुणाकडून तरी."

बायका हसल्या. काकूही हसल्या. मग त्यांनी जाड टॉवेल मशीनमधून काढून गुंडाळले, पिशवीत घातले आणि त्या निघून आल्या.

घामाची गोष्ट खरी नव्हती. काकांना गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. चालणं सुधारलं, बोलणं सुधारलं, एखादा शब्द अडकायचा तेवढाच. पण झोपेत लघवीवर ताबा राहिला नाही. आणि हे काकांना ठाऊक नाही, अशी काकूंची समजूत होती. ती समजूत त्यांनी स्वतःच्या हातांनी, रोज पहाटे उठून, जपली होती. उजाडायच्या आत त्या काकांना हलवून म्हणायच्या, "उठा, एकदा जाऊन या." ते अर्धवट झोपेत न्हाणीघरात जायचे. तेवढ्यात अंथरुणातला टॉवेल निघायचा, त्याखालचं प्लॅस्टिक पुसलं जायचं, कोरडा पायजमा न्हाणीघराच्या दाराला लटकायचा. ते परत येऊन झोपेपर्यंत ओलं सगळं बेसिनमध्ये बुडालेलं असायचं.

प्लॅस्टिक दुकानातलं होतं. धुतलेल्या कोटांवर चढवायच्या लांब पिशव्या. दोघांनी उभं आयुष्य लाँड्री चालवली होती. काका मागे वाफेत, काकू पुढे गल्ल्यावर. कपडा माणसाबद्दल सगळं सांगतो. कुणाचं घरात पटत नाही, कुणाचं दुखणं वाढलंय, कोण रात्री कुठे होतं. त्या दुकानात एकच नियम होता, आणि तो कुणी कुणाला शिकवला नव्हता: कपड्यावर जे दिसलं ते गल्ल्यावर बोलायचं नाही. गिऱ्हाइकाच्या हातात स्वच्छ घडी द्यायची आणि हवापाण्याचं बोलायचं. त्यामुळे गावातली अर्धी दुःखं काकूंच्या हाताखालून गेली, आणि त्यांनी कुणाला ताकास तूर लागू दिली नाही.

दुकान विकल्यावर काकांनीच जहाजाचं काढलं होतं. "आयुष्यभर लोकांचे प्रवासाचे कपडे धुतले," ते म्हणाले होते, "आता आपण जाऊ." मग झटका आला. लेक धावत आली. स्वयंपाकघरात मायलेकी हळू आवाजात बोलल्या. काका बाहेर पेपर धरून बसले होते.

"आई, तुझी कंबर बघ, तुझं वय बघ. बाबांना संस्थेत ठेवू. चांगली जागा आहे, मी बघून आलेय."

"आधी जहाजाचं होऊ दे. मग बघू."

"ठीक आहे. पण एक ऐक. तिकडून काही झाल्याचा फोन आला, तर पुढच्या बंदरावर मी उभी असेन. तिथून घरी नाही, सरळ संस्थेत. मग मला काही सांगायचं नाही."

काकूंनी मान हलवली होती. म्हणून त्या इतक्या पहाटे उठत. त्यांना सगळा समुद्र बघायचा होता असं नाही. जेवढे दिवस जहाज चालेल तेवढे दिवस काका त्यांच्या शेजारी झोपणार होते, इतकाच त्यांचा हिशेब.

हळूहळू त्यांची एक पद्धत बसली. पायजमा साबणात भिजवायचा, खळबळून पिळायचा, मग कोरड्या टॉवेलावर पसरून गुंडाळी करायची आणि त्या गुंडाळीवर अनवाणी उभं राहायचं. सगळं पाणी टॉवेल पिऊन टाकतो. मग न्हाणीघरात आडवी दोरी, आणि वर हवा ओढणाऱ्या जाळीसमोर पायजम्याचे पाय. काका आत गेले की दोरीखालून वाकून जात आणि म्हणत, "काय गं, बाजार मांडलायस!" काकू म्हणायच्या, "सवय आहे. हाताला काम लागतं." जाड टॉवेल तेवढे मशीनला न्यावे लागत.

जहाजाच्या चादरीला मात्र त्यांनी कधी पाणी लागू दिलं नव्हतं. एका वादळी पहाटे ते लागलं. जहाज इतकं डोलत होतं की प्लॅस्टिक घसरून गादीखाली गेलं. काकूंनी दिवा लावला. चादर भिजली होती, कडेपर्यंत.

काका न्हाणीघरात होते. बोळात खोल्या आवरणाऱ्या भाऊंची ढकलगाडी उभी होती, तिच्यावर धुतलेल्या चादरींची चळत. भाऊ म्हणजे पन्नाशीचा सडपातळ माणूस, रोज "काकू, काही हवंय?" विचारणारा. ते जवळपास नव्हते. काकूंनी एक चादर उचलली, गादी टॉवेलाने टिपून पलंगावर घातली. भिजलेली घेऊन भिंतीला धरत धरत धुण्याची खोली गाठली. आपला साबण घातला, धुतली, वाळवली, इस्त्री केली आणि परत येऊन चळतीच्या तळाशी सरकवून दिली. एक घेतली, एक ठेवली. कुणाचं काही कमी झालं नाही, असं मनाशी म्हणत त्यांनी चहा मागवला.

चूक झाली ती घडीची. जहाजावरच्या चादरी यंत्रातून लांबट, सपाट, सैल घडीने निघत. काकूंनी ते रोज पाहिलं होतं. पण इस्त्रीच्या टेबलाशी उभ्या राहिलेल्या बाईच्या हातांना ते कुणी सांगायचं? काठ आत, टोकं जुळवलेली, चौकोनी, वर तळवा फिरवून हवा काढलेली. दुकानातून अशाच बाहेर पडायच्या चादरी. लोक म्हणायचे, तुमची घडी मोडवत नाही.

दुसऱ्या दिवशी भाऊ खोली आवरायला आले ते मान खाली घालून. "काही हवंय का" नाही, काही नाही.

"काय झालं भाऊ?"

"काही नाही काकू. पुढच्या बंदरावर उतरवतायत मला."

"का?"

"माझ्या गाडीवर एक चादर सापडली. आमच्याकडे न धुतलेली. वास वेगळा, घडी वेगळी. आमच्यात नियम आहे: आजारी माणसाचं अंथरूण खराब झालं की लाल पिशवीत घालायचं आणि वर कळवायचं. जहाजात साथ पसरली तर कुठलं बंदर उभं करत नाही. आमच्या मुकादम बाई म्हणतात, कुणीतरी तुला चिरीमिरी दिली आणि तू लपवलंस. मी म्हटलं, मला माहीत नाही. तर म्हणाल्या, मग काय चादर उडत आली?"

"तुम्ही काय सांगितलंत?"

"काय सांगणार? माझ्याकडे दहा खोल्या आहेत. कुणाचं नाव घेऊ?"

त्यांनी उश्या झटकल्या, पडदा सारखा केला आणि दार हलकेच लावून घेतलं. काकूंना वाटलं, हा माणूस ओळखून आहे. मग वाटलं, नसेलही. ते आणखी वाईट होतं.

काका डेकवर बसले होते. काकू पलंगाच्या कडेला बसून राहिल्या. न बोलणं हे त्यांना आजवर चांगुलपणाचं काम वाटत आलं होतं. किती घरं त्यांनी न बोलून सांभाळली. आज त्या गप्पपणात एक तिऱ्हाईत माणूस बुडत होता, आणि तोंड उघडलं तर स्वतःचं माणूस जाणार होतं. त्यांनी दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला. विचार फार वेळ झालाच नाही. त्या उठल्या, केस सारखे केले आणि विचारत विचारत खालच्या मजल्यावर मुकादम बाईंच्या खोलीत गेल्या.

बाई जाडजूड, दमलेल्या. टेबलावर ती चादर होती, घडी अजून न मोडलेली.

"ही माझी घडी आहे," काकू म्हणाल्या.

"म्हणजे?"

"मी धुतली. भाऊंना काही माहीत नाही. साथबिथ काही नाही. माझ्या माणसाला झोपेत कळत नाही, एवढंच."

बाईंनी त्यांना खाली बसवलं. त्या ओरडल्या नाहीत, तेच काकूंना जड गेलं. "काकू, मला डॉक्टरांना सांगावं लागेल. आणि डॉक्टर घरी कळवतील. भाऊंचं मी मिटवते."

"मिटवाच," काकू म्हणाल्या. "आणि त्यांच्याशी नीट बोला. उडत आली म्हणे!"

बाई ओशाळल्या. चादर मात्र त्यांनी लाल पिशवीतच टाकली.

काकू वर आल्या. काका खोलीत परतले होते, खुर्चीत बसून बूट काढत होते. सांगणं भाग होतं. काकूंनी वाक्य जुळवायला घेतलं, "अहो, एक झालंय..."

"चादरीचं ना?" काका म्हणाले.

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं.

"मला धोब्याला काय सांगतेस ओलं काय असतं ते? निजलेला असलो म्हणून काय झालं."

"कधीपासून माहीत होतं?"

"घरी होतो तेव्हापासून."

"मग बोललात का नाही?"

काकांनी बुटाची नाडी ओढून सोडवली. एक शब्द अडकला असावा. "तू इतक्या... इतक्या निगुतीनं करत होतीस. म्हटलं, हिला वाटू दे."

काकूंना रडू आलं, रागही आला. इतक्या पहाटे! ती गुंडाळी, ती दोरी, ते "हाताला काम लागतं"! म्हणजे दोघंही गल्ल्यावर उभे होते, एकमेकांशी हवापाण्याचं बोलत. "मेलं, मग निदान स्वतःचा पायजमा तरी पिळायचा होतात," त्या म्हणाल्या. काका म्हणाले, "दिला असतास तर पिळला असता."

पुढच्या पहाटेला काकूंनी हलवलं तेव्हा ते उठले आणि टॉवेल स्वतःच काढू लागले. डावा हात नीट चालत नव्हता. काकूंनी दोनदा हात पुढे केला, दोनदा मागे घेतला. बेसिनपाशी दोघं उभे राहिले. पायजम्याचं एक टोक काकांनी धरलं, एक काकूंनी, आणि पीळ दिला.

डॉक्टरांनी कळवलं. लेकीचा निरोप आला: येतेय.

बंदरावर ऊन रखरखीत होतं. भाऊ दोघांचं सामान घेऊन शिडीच्या पायथ्यापर्यंत आले, काकांच्या हातात हात देऊन परत जहाजावर कामाला गेले. लेक रांगेपलीकडे उभी होती. तिने आईला मिठी मारली, बाबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि बॅग उचलली. बॅगेच्या तळाशी ओल लागली तिच्या हाताला.

"आई, यात ओलं काय आहे?" तिने आईलाच विचारलं, हळू आवाजात.

काकूंच्या तोंडाशी उत्तर तयार होतं. पोहायचा टॉवेल. ते त्यांनी गिळलं.

"माझा पायजमा आहे," काका म्हणाले. आवाज मुद्दाम मोठा नव्हता, पण खाजगीही नव्हता. "सकाळचा. वाळला नाही."

लेक गोंधळली. "बाबा, असू दे, मी आईशी बोलते..."

"आईशी नको. संस्थेचं जे काय असेल ते माझ्याशी बोल. मला विचार. मी नाही म्हणेन, हो म्हणेन, पण मला विचार."

लेक आईकडे बघत राहिली, आई सांभाळून घेईल म्हणून. काकूंनी सांभाळून घेतलं नाही. त्या नुसत्या उभ्या राहिल्या, दोन्ही हात रिकामे.

"बरं," लेक शेवटी म्हणाली. तिने बॅग खाली ठेवली आणि पहिल्यांदाच बापाकडे तोंड केलं. "बोला बाबा."