आत्याबाईंची खुर्ची

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्यांची बोलायची एक तऱ्हा होती. मान जवळ आणून, आवाज बारीक करून त्या म्हणायच्या, "तुलाच सांगते गं, दुसऱ्या कुनाला न्हाई." मग निघायचं काय, तर वांग्याला कीड लागली. पण ऐकताना वाटायचं, या घरात आपणच एक त्यांच्या.

मी सातवीत शाळा सोडलेली, माहेर पार लातूरकडे, आणि लग्न होऊन आले घोडेगावजवळच्या वस्तीवर. ओळखीचं कुणी नाही. आत्याबाईंचे दोन्ही गुडघे गेलेले. सकाळी मी काखेत हात घालून त्यांना चुलीपाशी बसवायची, की जेवणं होईपर्यंत त्या तिथेच. माझी भाकरी चिरली की म्हणायच्या, "चिरू दे. पोटात गेल्यावर कोन बघतंय?" सासरी मला पहिलं हसवलं ते त्यांनी. त्यांना उठता येत नाही याचं वाईट वाटे. त्या माझ्याजवळ आहेत याचं बरंही वाटे.

नगरच्या एका धर्मादाय दवाखान्यात परगावचे डॉक्टर येऊन फुकट गुडघे बदलून देतात, असं कळलं. नव्वदच्या दशकात आमच्याकडे हे कुणी ऐकलेलंही नव्हतं. ऑपरेशन चाललं तोवर माझे बाहेर सगळे देव आळवून झाले. डॉक्टरांनी आमचा चहासुद्धा घेतला नाही. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत. एवढंच बजावलं, पाहिजे तेवढं चाला, पण जमिनीवर बसायचं नाही.

वॉकर सुटला आणि आत्याबाई घरात दिसेनात. घ्यायचं काही नसताना घोडेगावच्या बाजारात जाऊन म्हशी बघून यायच्या. आणि रोज जायच्या पाटाच्या पलीकडे, थोरल्या जाऊबाईंकडे. थोरले दीर साखर कारखान्यात नोकरीला, त्यांच्याकडे खुर्च्या होत्या. आमच्याकडे नुसती सारवलेली जमीन.

एकदा बोलवायला गेले तर दारातच ऐकू आलं, "तुलाच सांगते गं, दुसऱ्या कुनाला न्हाई." माझ्या अंगाची लाहीलाही झाली. ज्या पायांना मी इतकी वर्षं तेल चोळलं, तेच पाय त्यांना तिकडे नेत होते.

जाऊबाई मला बघून म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे त्यान्ला हितंच. तुमच्याकडं बसवनार कुठं, चुलीवर?"

आत्याबाई हसल्या. जाऊबाईंच्या बोलण्यापेक्षा ते हसणं मला जास्त लागलं. त्या रात्री त्या तिथेच राहिल्या, दुसऱ्या रात्रीही. आता कायमच्या गेल्या, असं मी धरून चालले. भाकऱ्या थापत राहिले, आणि बघायला कुणी नव्हतं तर त्या गोल व्हायला लागल्या.

मग एका सकाळी बांधावरून आत्याबाई येताना दिसल्या. ताठ, झपझप, डोक्यावर प्लॅस्टिकची लाल खुर्ची. आल्या, चुलीपाशी खुर्ची ठेवली आणि बसल्या.

मी विचारलं, तिकडं काही झालं का?

"काय व्हायचंय? थोरलीचं घर चांगलं हाय. पन तिच्या भाकरीत काय खोट निघत न्हाई. बोलायचं काय दिसभर?"

त्यांच्या नकळत मी गोल भाकऱ्यांची टोपली झाकली. त्यांनी हात पुढे करून पिठाची परात मांडीवर मागितली.

पुढे कितीतरी वर्षं त्या तशाच वरून बोलत राहिल्या. आसपासच्या बायका त्या खुर्चीभोवती येऊन बसायच्या आणि मला त्यांचाही राग यायचा. कुणालाही चहा मी उशिराच द्यायची.

आत्याबाई गेल्या. तेराव्याचं जेवण झाल्यावर थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "ती लाल खुर्ची आमची व्हती बरं का. जाताना नेते."

मी म्हटलं, न्या की. आणि जाऊन तिच्यावर बसले.