नानांना ऐकू येणारी एकच धून

परवा इथे कुणीतरी विचारलं होतं, की व्हिडिओ गेमचं संगीत करणाऱ्यांची नावं कुणालाच का माहीत नसतात? मी त्यांच्यातल्या एकासाठी लिहितेय. त्याचं नाव मलाही माहीत नाही... तो होता की नव्हता, इथूनच माझा गोंधळ सुरू होतो. भूतबित, अंगात येणं असले प्रकार मी कायम हसण्यावारी नेलेत. बँकेत नोकरी करते, सही जुळल्याशिवाय कुणावर विश्वास ठेवत नाही. तरीही सांगते.

नव्वदच्या दशकाची मधली वर्षं. सुरतेत उधन्याला, कापड विणणाऱ्या लूमच्या कारखान्यांमागच्या चाळीत आम्ही राहायचो. वडील, म्हणजे नाना, धुळ्याकडून येऊन तिथेच कामाला लागलेले. मागांच्या खडखडाटाने त्यांचे कान गेले. आमच्या गल्लीत याचं नवल नव्हतं, निम्मे बाप्ये हातवाऱ्यांनीच बोलायचे. पण नाना ठार बहिरे. "नस मेली," म्हणून डॉक्टरांनी हात वर केले. तेव्हापासून नाना घरात असून नसल्यासारखे... जेवायचे, भिंतीकडे तोंड करून पडायचे. माझे बडबडे नाना कुठे गेले तेच मला कळेना.

त्या दिवाळीला माझ्यासाठी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आला. सोबत एक पिवळी कॅसेट, लेबलवर भलत्याच गेमचं चित्र! तिच्यात पाण्याखालची एक लेव्हल होती. तिथली धून इतकी गोड, की मी खेळायचं सोडून नुसती ऐकत बसायची. एका रविवारी दुपारी मी त्या लेव्हलला पोचले आणि मागून गुणगुणणं ऐकू आलं. भिंतीकडे तोंड करून पडलेले नाना... तीच धून, त्याच लयीत!

मी त्यांना हलवून, ओठ दिसतील असं विचारलं, "नाना, तुमले आयकू येस का?"

"तितलंच येस," नाना म्हणाले. "कोनी बनाडं व्हई हाई? मोठा मानूस शे तो." तेवढंच ऐकू येत होतं त्यांना, आणि ते कुणी बनवलं असेल म्हणून ते मलाच विचारत होते.

पलंगाला आवाजाचे हादरे बसत असतील, असं मायला वाटलं. म्हणून मी टीव्हीचा आवाज पार बंद केला. नाना भिंतीकडे वळून गातच राहिले. पुन्हा वाढवला, तर धून नेमकी त्यांच्याच सुरावर आलेली... खोटं कशाला बोलू, भीती वाटलीच नाही, मला आनंद झाला. मग रोज कामावरून आले की नाना हातानेच खूण करायचे — लाव. बाप-लेक पाण्याखाली बसायचो आणि ते मला गावाकडच्या गोष्टी सांगायचे.

तेव्हा जुनी कॅसेट आणि वर थोडे पैसे दिले, की दुकानदार दुसरी द्यायचा. माझी परीक्षा संपली म्हणून मायने मला खूश करायला पिवळी कॅसेट देऊन नवी आणली. तिला वाटलं, गाणी मशीनमध्ये असतात, कॅसेट बदलली तरी तीच वाजणार. मी धावत दुकानात गेले.

"ए तो गई, बेन. कडोदरानो कोई लई गयो," दुकानदार म्हणाला. सुरतेबाहेरच्या कडोदऱ्याचा कुणी घेऊन गेला होता; कोण, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

नाना नव्या कॅसेटसमोर बराच वेळ बसले. मग भिंतीकडे वळले. माय पदर तोंडाला लावून रडली.

अलीकडे तो गेम मला इंटरनेटवर सापडला. खऱ्या-नकली सगळ्या आवृत्त्यांचे व्हिडिओ पाहिले. पाण्याखालच्या लेव्हलला दुसरंच संगीत आहे! जाणकारांना धून गाऊन पाठवली. उत्तर आलं, अशी धून या गेममध्ये नाहीच. मग आम्ही काय ऐकत होतो? ती कुणी केली? बरं, मला चुकीचं आठवतंय म्हणावं, तर...

मागच्या महिन्यात नाना डोळे मिटून पडले होते. आता खूप थकलेत, कानाच्या मशीनचाही उपयोग नाही. मी उगाचच ती धून गुणगुणले. मध्येच त्यांनी, डोळे न उघडता, माझा हात दाबला.

"तठे नही. तठे वर जास." आणि जिथे सूर वर जातो, ती ओळ त्यांनी गाऊन दाखवली. त्यांचंच बरोबर होतं.

याचा अर्थ मला आजही लागलेला नाही. मी त्यांच्या कानाशी वाकून "नाना" म्हणून हाक मारली. मग पुन्हा, जोरात. त्यांना ऐकू आली नाही.