आमच्याकडचे मास्तर

माजी सैनिकांच्या सरकारी घरात संस्थानी फौजेतल्या म्हाताऱ्यांनाही जागा मिळावी, म्हणून मी एकेकाळी पुष्कळ बोललो. जयपुरातल्या आमच्या मराठी मंडळात भाषण केलं, एका अधिकाऱ्याच्या दारात जोडे झिजवले. तोवर तिथे फक्त इंग्रजी फौजेतून पेन्शन घेऊन निघालेल्यांनाच घेत. "बंदूक तीच, गोळी तीच, मग राजा लहान म्हणून शिपाई लहान का?" असं मी विचारायचो आणि लोक टाळ्या वाजवायचे. मंडळातले एक डॉक्टर म्हणाले, "मास्तर, त्या म्हाताऱ्यांना तुमच्यासारखा वाली मिळाला." मी हसलो.

खरं कारण माझ्याच घरी होतं. आदर्श नगरातल्या दोन खोल्या, आणि पुढच्या व्हरांड्यात बाजेवर बसलेले अण्णा, माझे वडील. संस्थानी पलटणीत हवालदार. संस्थानं गेली, पलटण मोडली, अण्णांना हातावर थोडंफार ठेवून घरी धाडलं. आई गेल्यावर ते माझ्याकडे आले. त्यांचा त्रास काय होता? आज सांगायला बसलो तर हाताला काही लागत नाही. पहाटे उठून खाकरत. माझे कॉलेजातले सहकारी आले की ताडकन उठून सलाम ठोकत, आणि ते गेले की मी बायकोवर चिडत असे. ती एकदाच म्हणाली, "अहो, सलामच करतात ना? शिव्या तर देत नाहीत."

पुढे नियम बदलला. संस्थानी जवानांनाही घेणार, पण ज्यांना सांभाळणारं कोणी नाही अशांनाच. ही अट मी अण्णांना वाचून दाखवली. नुसती वाचून दाखवली. ते बुटांना पॉलिश करत होते. ब्रश न थांबवता म्हणाले, "बरं. कधी निघायचं?"

मंडळात मी सांगितलं, वडील गावी भावाकडे गेले.

सैनिकांच्या त्या सरकारी घरी एक निवृत्त सुभेदार प्रत्येकाला समोर उभं करून तोंडी चौकशी करत.

"घर में कौन है?"

"कोई नहीं, साब."

"और ये?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "ये मास्टरजी. हमारी तरफ के हैं. भले आदमी हैं."

सुभेदारांनी मला खुर्ची दिली. मी बसलो. अण्णा उभेच होते.

त्यानंतर मी अधूनमधून जात असे, गाववाला म्हणून. अण्णांच्या शेजारच्या खाटेवर एक म्हातारा राजपूत शिपाई होता. तोही संस्थानी फौजेतला, नव्या नियमानेच आलेला. मी दिसलो की म्हणायचा, "मास्टरजी, आपके हवलदार रोटी बेलते हैं कि नक्शा बनाते हैं, समझ में नहीं आता!" अण्णा खो खो हसत. माझ्याशी मात्र जपून बोलत. नातींची चौकशीही 'मास्तरांच्या मुली' म्हणून करत, आणि ती करताना दुसरीकडेच बघत.

एका हिवाळ्यात ते गेले. मला निरोप आला, तोही गाववाला म्हणूनच. स्मशानात सुभेदारांनी विचारलं, अग्नी कोण देणार? आता तोंड उघडलं तर अण्णा खोटे ठरतील, असं मी स्वतःला सांगितलं. खोटा ठरलो असतो मी, दुसरं कोण? वाली म्हणून मिरवणाऱ्या मास्तरची शहरभर शोभा झाली असती. शेवटी शेजारच्या खाटेवरच्या त्या सोबत्याने अग्नी दिला. डोकंही त्यानेच भादरून घेतलं. माझे केस डोक्यावर तसेच राहिले. दुसऱ्या दिवशी मी वर्गावर गेलो.

दहाव्या दिवशी सकाळी तो माझ्या दारात उभा.

"हवलदार कहते थे, आपके यहाँ दसवें दिन कौए को खिलाते हैं. हमें तो आता नहीं. आप चलकर बताइए."

मी गेलो. भात, तीळ, दर्भ, पिंड कसा वळायचा, सगळं सांगितलं. तो वळत होता, मी बाजूला उभा राहून सूचना करत होतो. पिंड मांडला. कावळे झाडावर होते, खाली एकही येईना. अशा वेळी आपल्याकडे गेलेल्याची राहिलेली इच्छा ओळखून जवळचं माणूस शब्द देतं, हेही मीच त्याला सांगितलं.

"तो आप बोलिए," तो म्हणाला. "आपकी बोली समझेंगे."

मराठी कळणारं तिथे दुसरं कोणी नव्हतं. काहीही बोलता आलं असतं. निदान अण्णा अशी हाक मारता आली असती. मी म्हणालो, "तुमच्या सोबत्याकडे लक्ष ठेवीन."

कावळे हलले नाहीत.

मग तो पुढे झाला, हात जोडून उभा राहिला. "खा ले, हवलदार. तेरे बेटे को हमने किसी के सामने तेरा बेटा नहीं कहा. आगे भी नहीं कहेंगे."

कावळा शिवला की नाही, मला माहीत नाही. माझी मान वर झाली नाही.