चार बोटं उरलेला गज

हिंगणीचे किसनराव बासष्ट वर्षांचे झाले, तरी गाव त्यांना अजून वासुदेवरावांचा पोरगा म्हणूनच ओळखतं. वासुदेवराव म्हणजे नेमका माणूस. बैलाचं दावं असो की विहिरीचं झाकण, त्यांच्या हातून काही राहून गेलं असं कोणी पाहिलं नाही. किसनरावांचं उलट. विहिरीवरची मोटार सुरू ठेवून घरी येतील आणि भाकरी मोडताना त्यांना आठवेल. बापासारखं आपल्याला एकही काम जमलं नाही, हा सल त्यांना आहे. शेजारी म्हणून मला तो रोज दिसतो.

शेताबरोबर बापाची ठासणीची बंदूक त्यांच्याकडे आली. बोर धरणाच्या जंगलातून रानडुकरं हरभऱ्यात घुसतात, म्हणून जुन्या काळी पिकाच्या राखणीसाठी परवाना मिळालेला. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वरून शिशाची गोळी, आणि लोखंडी गजानं ती तळापर्यंत ठासायची. एकोणीस वर्षांपूर्वी वासुदेवराव झोपेतच गेले, त्यानंतर बंदूक वाजलीच नाही. किसनराव फटाके फोडून डुकरं हाकलतात. निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा करायची आणि दसऱ्याला पूजायची, एवढंच तिला काम.

यंदा परवान्याच्या कार्यालयात नवे साहेब आले. बंदूक चालू स्थितीत असल्याचा कारागिराचा दाखला आणा, गोळी कोणती लागते तेही लिहून आणा, नाहीतर परवाना रद्द, असं त्यांनी बजावलं. किसनराव रडकुंडीला येऊन माझ्याकडे आले.

"गुरुजी, बाबाची एकच निशाणी हाये जी. तेबी माह्या हातून गेली तं काय तोंड दाखवू?"

आता गोळी कोणती, हे कोणाला ठाऊक? गोळ्या ओतायचा साचा कधीच हरवलेला. पारावर एक म्हणाला छर्रे, दुसरा म्हणाला टोकदार लांब गोळी. किसनरावांनी दोन्ही कागदावर लिहून घेतलं. त्यांच्या मुलानं, रत्नदीपनं, नळीत बॅटरी मारली. मीही चष्मा सावरून डोळा लावला. आत पिळाच्या खाचा दिसल्या. रत्नदीप मोबाइलमध्ये वाचून म्हणाला, खाचा असल्या तर छर्रे नकोत, कापडात गुंडाळलेली एकच गोल गोळी हवी. पण केवढी? कोणाकोणाकडून जुन्या तीन गोळ्या मिळाल्या. एक नळीच्या तोंडाशीच अडली, एक नुसती खुळखुळली, तिसरी बरी वाटली. पण बरी म्हणजे बरोबर का, ते कोणी सांगेना. मास्तरकीच्या खोडीनं मीही चार गोष्टी सांगितल्या आणि गोंधळ आणखी वाढवला.

त्यात गजाची भानगड. रिकाम्या नळीत घातला की गज तोंडाशी बरोबर यायचा, हे किसनरावांना लहानपणापासून आठवत होतं. आता तो चार बोटं वर राहत होता.

"भरलेली तर नसेल?" मी विचारलं.

"बाबा अन् भरली बंदूक घरात ठेवतीन?" किसनराव माझ्यावर एकदम उखडले. "काईबी बोलता गुरुजी! ठाण्यात गज बदलला असंन."

मला माझीच लाज वाटली. वासुदेवरावांवर शंका घेणारा मी कोण? किसनरावांनी करवत घेतली आणि वरचा चार बोटं गज कापून टाकला. बापाच्या वस्तूचं एक काम तरी नेमकं झालं, म्हणून गडी खूश.

वर्ध्याचे कारागीर प्रभाकरराव यांनी तो कापलेला गज आधी नळीत घातला, मग बाहेरून नळीशी लावून पाहिला. बाहेरून तो चार बोटं तोकडा पडला, तसं त्यांनी बंदुकीचं तोंड हळूच भिंतीकडे वळवलं.

"काका, गज ठीकच होता. बंदूक भरली हाये."

मी ज्या नळीला डोळा लावला होता तीच ही. प्रभाकररावांनी तासभर खपून गोळी बाहेर ओढली. तिच्याभोवती लाल काठाचं कापड होतं, वासुदेवरावांच्या धोतराचं. पुसून, मोजून ते म्हणाले, "हेच तुमच्या बंदुकीची गोळी. दाखला देतो लिहून."

महिनाभर शोधलेली गोळी समोर होती आणि किसनराव तिला हात लावत नव्हते. "कोणं भरली?" असं ते पुन्हा पुन्हा विचारत राहिले. भरणारा एकच होता. घरी देवकाबाई, त्यांच्या पत्नी, ऐकून म्हणाल्या, "मामाजी त्या संध्याकाळी बंदूक घेऊन वावरात गेलते न. छातीत कसंतरी होऊन राह्यलं म्हणून लवकर आले, पाणी प्याले अन् झोपले ते उठलेच नाई. अन् मी दर दसऱ्याले तिच्या तोंडाशी वाकून कुंकू लावत होती. लेकरं बाजूले बसत होती."

दुसऱ्या दिवशी मी किसनरावांबरोबर कार्यालयात गेलो. दाखला होता, गोळीचं माप होतं, कागद पहिल्यांदाच पूर्ण होते. बाबूनं शिक्का उचलला, तशी किसनरावांनी त्याच्यासमोरून कागद ओढून घेतले आणि बंदूक कायमची जमा करायचा अर्ज मागितला.

"किसनराव, अहो, परवाना मिळतोय!" मी म्हणालो.

"बाबासारख्या माणसाच्या हातून राहून गेलं, गुरुजी," ते म्हणाले, "तं माह्या हातून काय नाई राह्यचं?"