उचलायचा नाही, कापायचाही नाही

आमच्या मामाला जगात सगळीकडे धोका दिसतो. वायरमन आहे ना. ओल्या हाताने बटण दाबलं की ओरडणार, अनवाणी फ्रीज उघडला की ओरडणार, आणि ओरडून झालं की आपण का ओरडलो हे शांतपणे समजावत बसणार. लग्नाच्या हॉलमध्येसुद्धा सगळ्यांची नजर नवरानवरीकडे असते, मामाची छताला लोंबणाऱ्या वायरींकडे. त्याच्या हाताखाली माणूस टिकत नाही तो याच जाचामुळे. टिकली ती एकटी मामी.

घराच्या मागच्या अंगाला मामाची कामाची खोली आहे आणि मेन स्विच पुढे, स्वयंपाकघराच्या दाराशी. मागून कितीही बोंब मारली तरी पुढे ऐकू जात नाही. म्हणून दोघांनी फार वर्षांपूर्वी मिस कॉलची भाषा ठरवली. एकेक रिंग देऊन तीनदा फोन ठेवला, की मेन बंद कर. मामीला मेन खाली ओढायला लागेल तेवढं थांबून मामा चौथ्यांदा फोन लावायचा आणि तो मामीने ताबडतोब कापायचा. कापला म्हणजे बंद केला. त्यानंतरच मामा वायरीला हात लावणार. काम आटोपलं की एकच रिंग, म्हणजे चालू कर. ती रिंग येईपर्यंत साक्षात मंत्री दारात आला तरी मेन वर जायचा नाही. आम्ही भाचरं या प्रकाराला हसायचो. मामी हसायची नाही.

मध्यंतरी गल्लीतल्या शिक्षिकाबाईंना परदेशी नंबरवरून कोणीतरी चांगलंच गंडवलं. झालं, मामाला नवा धोका सापडला. घरोघरी जाऊन त्याने आम्हा सगळ्यांना पढवलं, की अनोळखी नंबर, त्यातून परदेशातला, उचलायचा नाही. आणि कापायचाही नाही. कापला की समोरच्याला कळतं, इकडे माणूस आहे. वाजू द्यायचा, वाजून वाजून गप्प होतो. मामीला तर त्याने हे इतक्यांदा सांगितलं, की शेवटी तिने कानांत बोटं घातली.

असा हा मामा परदेशी निघाला. त्याचा मुलगा, म्हणजे माझा मामेभाऊ, तिकडे एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईखात्यात आहे. त्याने बापासाठी तिकीट काढलं. मामी विमानाला घाबरते, ती राहिली. तिच्या सोबतीला संध्याकाळी मी जायचं ठरलं होतं.

निघायच्या दिवशी सकाळी अंगणातल्या पाण्याच्या मोटरची वायर उंदराने कुरतडलेली मामाच्या नजरेस पडली. टॅक्सी यायची होती, पण मामा तो मामाच. लाइट गेलेली होती, तेवढ्यात त्याने वायरीला नवा तुकडा जोडला, तारा पिळून घट्ट केल्या आणि वर गुंडाळायला खिशातून काळी टेप काढणार, तर टॅक्सीवाला हॉर्न वाजवत सुटला. मामी चिडली, शेजारी बॅगा उचलू लागले, कोणी हार घातला, कोणी पाया पडलं. त्या गडबडीत मामा गाडीत बसला.

तिकडे विमानतळावर उतरल्यावर मुलाच्या सांगण्यानुसार तो सिम कार्डाच्या दुकानात गेला. मुलाची ड्यूटी संपायची होती, तोवर तिथेच थांबायचं होतं. दुकानदार टकला, जाड भिंगाचा चष्मा लावलेला माणूस. त्याने मामाच्या जुन्या बटणांच्या फोनमधलं कार्ड काढून हातावर ठेवलं, तिथलं नवं घातलं आणि खुणेने पासपोर्ट मागितला. मामाने कोटाच्या खिशात हात घातला आणि पासपोर्टाबरोबर टेपचं रीळ बाहेर आलं. वरचा प्लास्टिकचा कागदही फोडलेला नव्हता.

मामा सांगतो, की रीळ पाहून आधी त्याला स्वतःचाच राग आला. मग तो उघडा जॉइंट डोळ्यांसमोर आला. तो नळाच्या लोखंडी पाइपावर टेकलेला होता. संध्याकाळी पाणी आलं की मामी पदर खोचणार, मोटरचं बटण दाबणार आणि ओल्या हाताने नळ धरणार. मामाने भिंतीवरचं घड्याळ पाहून मनात हिशोब केला. तिकडे दुपार होती. इकडे पाणी यायची वेळ झालीच होती.

पाठ असलेला नंबर मामीचाच. त्याने लावला. लागेना. दुकानदाराने पुढे देशाचा आकडा जोडून दाखवला, तेव्हा लागला. वाजला, वाजत राहिला, गप्प झाला. परत लावला. परत तेच. मुलाला लावला, तर त्याचा फोन कामाच्या वेळी लॉकरमध्ये. जुनं कार्ड घालून पाहिलं, त्याला नेटवर्क नव्हतं, पण त्यातले नंबर तरी मिळाले. घरासमोरच्या पोस्टमनकाकांनी उचलला नाही. शिक्षिकाबाई उचलतील ही आशाच नको. मलाही केला. मी परदेशी नंबर पाहिला आणि मामाची शहाणी भाची असल्यामुळे फोन उलटा करून ठेवला. सगळी गल्ली मामाचं ऐकत होती, आयुष्यात पहिल्यांदाच. दुकानदाराने मेसेज लिही अशी खूण केली. मामी ओळखीच्यांचेसुद्धा मेसेज उघडत नाही.

मागे रांग लागली होती. एक बाई कपाळाला आठ्या घालून काहीतरी बोलली. दुकानदाराने तिला हाताने थांबवलं आणि मामासमोर पाण्याचा ग्लास ठेवला. मामा म्हणतो, त्या पाण्याकडे पाहून त्याला रडू फुटायचं बाकी होतं.

मामीने उचलण्याचा प्रश्नच नव्हता, उचलू नको असं तिला शिकवलं होतं ते आपणच. मग आपणच आणखी काय शिकवलंय, हे मामा आठवू लागला आणि एकदम थांबला.

त्याने फोन लावला. एक रिंग ऐकली आणि ठेवला. परत लावला, एक रिंग, ठेवला. परत लावला, एक रिंग, ठेवला.

मग तो थांबला. मामीला मोटरपासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत यायला, स्टूल घ्यायला, मेन खाली ओढायला जेवढा वेळ लागतो, तेवढा. इतकी वर्षं हा वेळ त्याच्या अंगात मुरलेला आहे. दुकानदार त्याच्याकडे पाहत होता. कसली वाट पाहतोय हे त्याला कळत नव्हतं, पण त्यानेही रांगेतल्या पुढच्या माणसाला बोलावलं नाही.

मामाने चौथ्यांदा लावला. रिंग सुरू झाली आणि तिकडून कापली गेली.

मामाने समोरचा ग्लास उचलला आणि पाणी एका दमात पिऊन टाकलं.

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी संध्याकाळी मामीकडे पोचले तर घरात दिवा नाही, पंखा नाही, नि मामी मेनखाली स्टुलावर बसलेली. नळाखाली बादली कोरडी. समोरच्या घरात टीव्ही चालू. मी विचारलं, की मेन पडलाय का, तर म्हणाली, पाडलाय. का, तर माहीत नाही. माझा फोन बंद पडायला आला होता, दिवसभराचा शीण होता, मी वैतागले. म्हाताऱ्या माणसांचं काहीतरी खूळ म्हणून मी मेनकडे हात नेला. मामीने माझं मनगट असं पकडलं, की बांगडी रुतली.

"मामांची एक रिंग आली नाही अजून," ती म्हणाली.

मी म्हटलं, मामा विमानात असेल, नाहीतर उतरला असेल, तो तिथून कशाला मेन बंद करायला सांगेल? तिने मला तो परदेशी नंबर दाखवला. माझ्या फोनवर होता तोच.

"तीनदा वाजून तीनदा ठेवलाय," मामी म्हणाली. "चोर असं करत नाही."

मी मेनकडे नेलेला हात मागे घेतला. आम्ही दोघी तशाच बसून राहिलो, ती स्टुलावर, मी उंबऱ्यावर. मोटरचं बटण माझ्या अगदी समोर होतं.

बऱ्याच वेळाने मामेभावाचा नंबर वाजला. तो ओळखीचा, म्हणून मामीने उचलला आणि स्पीकरवर टाकला. पलीकडे मामा होता.

"बंद आहे ना?"

"बंद आहे," मामी म्हणाली. "उचलू नको म्हणालात, उचलला नाही. बंद कर म्हणालात, केला. आता काय झालं ते सांगा."

मामाने सांगितलं. सांगताना दोनदा रडला. मामीने सगळं ऐकून घेतलं, अंगणातल्या नळाकडे एकदा पाहिलं आणि मग तिलाही रडू आलं, पण तिने ते फोनवर कळू दिलं नाही. नीट जेवा म्हणाली, स्वेटर घाला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरा वायरमन, ज्याला मामा आयुष्यभर शिकाऊ म्हणत आला, येऊन जॉइंटला टेप लावून गेला. मी मामाला तसं कळवलं. तरी मामीने मेन वर केला नाही. ती स्टूल ओढून, हातात फोन धरून उभी राहिली. मग तो परदेशी नंबर वाजला, एकच रिंग, आणि थांबला.

मामीने मेन वर ढकलला. घरभर पंखे सुरू झाले.